कूतचे कैदी

२९ एप्रिल १९१६ रोजी टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत अल-अमारा या गावात मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्या ब्रिटिश-हिंदी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. सुमारे तेरा हजार माणसे त्या दिवशी कैद झाली आणि त्यांतली दहा हजारांच्या आसपास भारतीय होती. या फौजेचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या १७ आणि २२ या दोन कंपन्याही होत्या. कोकणातला आणि देशावरचा मराठा शिपाई पहिल्या महायुद्धात परक्या मुलखात कैदी म्हणून कसा जगला आणि कसा मेला, हे पाहायचे तर कूतपासूनच सुरुवात करावी लागते.

ही फौज तिथे पोचली कशी, ते थोडक्यात असे. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवले. इराणच्या आखातातल्या तेलाचे रक्षण करणे हा पहिला हेतू होता. बसरा हाती आले, मग कुर्ना, अमारा, नासिरिया आणि सप्टेंबर १९१५ च्या अखेरीस कूत. प्रत्येक विजयाबरोबर बगदाद जवळ दिसू लागले. रसदीची जहाजे, औषधे, डॉक्टर, जखमींना हलवायची साधने यांतले काहीच त्या वेगाने वाढले नव्हते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. तिथे फौजेचे इतके नुकसान झाले की मागे फिरण्यावाचून इलाज उरला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला दमलेले सैन्य कूतमध्ये शिरले आणि तुर्कांनी चहूबाजूंनी वेढा आवळला.

वेढा १४७ दिवस चालला. कैदेत पुढे जे घडले त्याची मुळे या पाच महिन्यांत आहेत, कारण शरण गेलेला शिपाई आधीच अर्धमेला होता.

सुरुवातीला पोटभर शिधा मिळत होता, कारण टाउनशेंड यांना मदत लवकर येईल अशी खात्री होती. धान्याचा नीट हिशोब उशिरा झाला. जानेवारीपासून कपात सुरू झाली आणि एप्रिलच्या मध्याला माणशी रोजचे पीठ चार-पाच औंसांवर, म्हणजे सुमारे सव्वाशे ग्रॅमवर आले. त्यात दोन-तीन लहान भाकऱ्या होतात. दिवसभर खंदक खणणाऱ्या, रात्री पहारा देणाऱ्या माणसाला तेवढ्यावर राहायचे होते. दळायला जाती कमी पडली, तेव्हा मदतीला आलेल्या फौजेने विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या. एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात पिठाची पोतीही विमानातून टाकण्यात आली. वेढ्यात सापडलेल्या सैन्याला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. पण दोन आठवड्यांत मिळून सात-आठ टन माल पडला आणि त्यातलाही काही नदीत किंवा तुर्कांच्या हद्दीत गेला. एवढ्या तोंडांना तो कुठे पुरणार?

मांस होते. तोफखान्याचे आणि घोडदळाचे घोडे, खेचरे कापली जात होती. ब्रिटिश शिपाई ते खात होते. भारतीय शिपायांतले बहुतेक खात नव्हते. ही केवळ चवीची बाब नव्हती. घोडा खाल्ला हे गावात कळले तर जातीबाहेर काढतील, पोरीबाळींची लग्ने अडतील, ही भीती होती आणि ती खरी होती. टाउनशेंड यांनी बिनतारी यंत्रणेने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आलीही. तरी शिपाई म्हणत होते की परवानगी देणारे आमच्या गावात राहत नाहीत. एप्रिलमध्ये भूक असह्य झाली तेव्हा हजारोंनी खायला सुरुवात केली. तोवर शरीर खचले होते. या संकोचाबद्दल नंतरच्या इंग्रजी लिखाणात भारतीय शिपायांना हट्टी ठरवले गेले, ते अन्यायाचे आहे. ज्या समाजात परत जायचे आहे त्याचा विचार करणारा माणूस हट्टी नसतो. शिवाय पर्यायी अन्नाची तरतूद करणे हे सेनापतीचे काम होते.

अन्नातल्या या फरकाचा परिणाम वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. कूतमधले मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर होते. एकाच गावात, एकाच हवेत, एकाच वेढ्यात ब्रिटिश शिपायांना बेरीबेरी होत होती आणि भारतीयांना स्कर्व्ही. ब्रिटिश शिपाई मैद्यासारख्या पांढऱ्या पिठाचा पाव खात होता. धान्याच्या कोंड्यात असलेले ब-१ जीवनसत्त्व त्यातून निघून जाते, म्हणून त्याचे पाय सुजत, नसा आणि हृदय कमजोर होई. भारतीय शिपाई आटा आणि जवाचे पीठ खात होता, कोंडा पोटात जात होता, म्हणून तो बेरीबेरीपासून वाचला. पण ताजे मांस नाही, भाजी नाही, फळ नाही. क जीवनसत्त्वाअभावी हिरड्या सुजून काळ्या पडत, दात हलत, जुनी जखम पुन्हा उकले. शिपाई नदीकाठी दिसेल तो पाला खुडून शिजवून खात. त्यात विषारी पाला जाऊन काही मेले. जीवनसत्त्वांची कल्पना तेव्हा नुकती मांडली गेली होती. कूतच्या खंदकांनी तिला नको तेवढा भक्कम पुरावा दिला.

बाहेरून वेढा फोडण्याचे प्रयत्न शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नाइयात इथे झाले. आत तेरा हजार माणसे होती. त्यांना सोडवताना बाहेरच्या फौजेतले सुमारे तेवीस हजार मेले किंवा जखमी झाले. शेवटी तुर्की सेनापती खलील पाशांना पैसे देऊन फौज सोडवता येते का, हेही पाहिले गेले. त्या बोलण्यासाठी गेलेल्यांत ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स होते. तुर्कांनी नकार दिला.

शरणागतीनंतर हजाराहून जास्त आजारी-जखमींची अदलाबदल झाली आणि ते बोटीने खाली बसऱ्याकडे गेले. ज्यांचे नाव त्या यादीत लागले ते बहुतेक वाचले. बाकीच्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरान इथल्या उघड्या छावणीत नेले. तंबू नव्हते, सरपण नव्हते. तिथे तुर्कांनी त्यांना स्वतःच्या सैन्यातली बिस्किटे दिली. ती बिस्किटे म्हणजे भरड्या पिठाच्या, कोंडा-काडीकचऱ्यासकट भाजलेल्या, दगडासारख्या कडक जाड चकत्या. तुर्की शिपाई त्या पाण्यात भिजवून खात असे. उपाशी माणसांनी त्या तशाच फोडून खाल्ल्या. महिनोनमहिने आक्रसलेल्या आतड्यांना ते झेपले नाही. तोंडाला फेस, पोटात कळा, हिरवट जुलाब, आणि काही तासांत मरण. पहिल्या आठवड्यातच प्रेतांची रांग लागली. तुर्कांनी विष घातले अशी बोलवा त्या वेळी झाली होती. विषाची गरज नव्हती. दीर्घ उपासानंतर एकदम जड अन्न पोटात गेले की शरीर कोसळते, हे आज डॉक्टरांना ठाऊक आहे.

शुमरानलाच सर्वात मोठा निवाडा झाला. अधिकारी एकीकडे, शिपाई दुसरीकडे. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला पाठवले आणि शिपायांना पायी. १९०७ च्या हेग करारानुसार कैद्याला माणुसकीने वागवायचे होते, पण त्याच करारात अधिकाऱ्याला कामातून सूट होती आणि स्वतःच्या हुद्द्याचा पगार मिळायचा होता. शिपायाकडून मात्र काम करून घेता येत असे. म्हणजे हुद्द्याचा भेद कायद्यातच होता. पण त्या वाटेवर त्याचा अर्थ जगणे-मरणे असा झाला. पलटणीला ज्यांची भाषा कळत होती, शिध्यासाठी जे भांडू शकत होते, ते अधिकारी दूर गेले. शिपाई पहारेकऱ्यांच्या स्वाधीन झाले. टाउनशेंड यांना पाहुण्याच्या इतमामाने इस्तंबूलला नेले. पुढची अडीच वर्षे ते मर्मरा समुद्रातल्या बेटांवर बंगल्यात, नोकरांसह राहिले. त्यांचा कुत्रा खलील पाशांच्या परवानगीने सुखरूप इंग्लंडला पोचला. कैदेत असतानाच त्यांना सर ही पदवीही मिळाली. आपल्या शिपायांचे काय चालले आहे, याबद्दल त्यांनी तिथून जोर लावून काही केल्याची नोंद नाही.

कूत ते बगदाद सुमारे १६० किलोमीटर. तिथून समारापर्यंत रेल्वे. समाराच्या पुढे रूळ नव्हते, आणि ते पुन्हा सुरू होत होते आजच्या सीरियाच्या सीमेवरच्या रास अल-ऐन इथे. मधली तिक्रीत, मोसुल, नुसैबिन ही सहाशे किलोमीटरच्या आसपासची वाट पायी तोडायची होती. महिना मे-जूनचा. इराकच्या वाळवंटात तेव्हा दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. चाल रात्री आणि पहाटे होत असे, पण विश्रांती उन्हातच, कारण सावली नव्हती. पायातले बूट कुणी भाकरीसाठी विकले, कुणाचे पहारेकऱ्यांनी काढून घेतले. मग चिंध्या गुंडाळून किंवा अनवाणी. रक्ती आव झालेला माणूस दर फर्लांगाला खाली बसे, आणि मागे पडलेला माणूस पुढच्या मुक्कामी क्वचितच पोचे. ओसाड खेड्यांतल्या मातीच्या घरांत, सरायांच्या कोपऱ्यांत आजाऱ्यांना टाकून तांडा पुढे जाई. मागून आलेल्या तांड्यांना ते सापडत, काही जिवंत, बहुतेक मेलेले.

याच वाटेने वर्षभर आधी तुर्की सरकारने आर्मेनियन लोकांना घरादारांतून काढून हाकलत नेले होते. कैद्यांना रिकामी गावे दिसली, प्रेतांनी भरलेल्या विहिरी दिसल्या. रास अल-ऐनजवळच्या आर्मेनियन छावणीतल्या उरलेल्यांची कत्तल तर १९१६ च्या वसंतात आणि उन्हाळ्यातच झाली, म्हणजे भारतीय कैदी तिकडे पोचत होते त्याच सुमारास. त्या संहाराच्या साक्षीदारांत हिंदुस्थानी शिपायांचीही गणना करायला हवी. त्यांना कुणी विचारले नाही म्हणून ती साक्ष फारशी कुठे लिहिलेली नाही.

दुसरा निवाडा धर्माचा. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने, जो मुसलमानांचा खलिफाही होता, जिहाद पुकारला होता. मुस्लिम कैद्यांना वेगळे काढून बरे अन्न, बरी जागा देऊन आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न झाला. मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. एकाच पलटणीत वर्षानुवर्षे एका चुलीशेजारी राहिलेली, एकच बोली बोलणारी माणसे इथे वेगळ्या रांगांत उभी केली गेली. तुर्कांच्या बाजूने गेलेले थोडे निघाले. बहुतेकांनी आपले इमान पलटणीशी राखले.

रास अल-ऐनला काम होते बगदाद रेल्वेचे. बर्लिन ते बगदाद अशी ही जर्मन भांडवलावरची रेल्वे. तिचा मधला तुकडा अपुरा होता आणि युद्धासाठी तो घाईने हवा होता. भारतीय कैदी रास अल-ऐनकडून नुसैबिनच्या दिशेने भराव घालत, खडी फोडत, रूळ टाकत. ब्रिटिश शिपायांतल्या पुष्कळांना आणखी पश्चिमेला अमानुस आणि तॉरस पर्वतांतल्या बोगद्यांवर पाठवले. वाटेत खचलेली माणसे तिथे पटापट मेली. हिवाळ्यात उत्तर सीरियात थंडी कडक असते आणि अंगावर उन्हाळ्यातले फाटके खाकी कपडे होते. उवांमधून पसरणारा टायफस ताप, मलेरिया, हगवण हे कायमचे सोबती. काही ठिकाणच्या जर्मन इंजिनियरांनी औषधपाण्याची, वेळेवर मजुरीची व्यवस्था केली, कारण त्यांना काम हवे होते. तशा ठिकाणी माणसे टिकली. ब्रिटनच्या वतीने १९१७ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेची आणि त्यानंतर हॉलंडची वकिलात पैसे व कपडे पोचवण्याची खटपट करत होती. लंडनच्या इंडियन सोल्जर्स फंडाची पार्सलेही येत. ती आतल्या छावण्यांपर्यंत पोचायला महिने लागत आणि पुष्कळदा पोचतच नसत.

या जगाची आतली हकिकत आज आपल्याला मुख्यतः दोन बंगाली माणसांमुळे कळते. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. टेसिफोनच्या लढाईत आणि कूतच्या वेढ्यात त्यांनी जखमींवर उपचार केले. वेढ्याआधी ते घरी नेमाने लिहीत. ऑक्टोबर १९१५ च्या एका पत्रात त्यांनी या युद्धाच्या मुळाशी जाऊन लिहिले आहे. दुसऱ्याचा देश हिसकावणे हीच ज्यांची देशभक्ती, त्यांच्याकडूनच आपण देशभक्ती शिकत आहोत, आणि हा सगळा रक्तपात तिच्यातूनच आला आहे, असा त्याचा आशय. सरकारी गणवेशातल्या अधिकाऱ्याने, विजय मिळत असतानाच्या दिवसांत हे लिहावे, याला धैर्य लागते. कैदेत गेल्यावर पत्रे मोजक्या ओळींची झाली. अधिकारी असल्यामुळे त्यांच्या वाट्याला शिपायाची पायपीट आणि खडी फोडणे आले नाही, पण डॉक्टर असल्यामुळे तापाने फणफणलेली माणसे आली. रास अल-ऐनला कैद्यांची शुश्रूषा करतानाच १९१७ मध्ये ते तापाने गेले.

त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, वयाच्या ऐंशीच्या घरात नातवाची पत्रे जुळवून चरित्र लिहिले. ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. मोक्षदादेवी काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या भगिनी, आणि स्वतः लेखिका. मेसोपोटेमियाचे युद्ध, तिथल्या नद्या, लढायांची ठिकाणे हे सगळे त्यांनी या वयात वाचून समजून घेतले.

दुसरे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. बंगाल अँब्युलन्स कोअरमधला हा साधा स्वयंसेवक. त्याने रोजनिशी ठेवली होती. वाटचालीत तिची पाने फाडून बुटात लपवली आणि सुटकेनंतर त्यावरून पुन्हा लिहून काढली. ‘अभि ले बगदाद’ या नावाने ती चाळीस वर्षांनी छापली गेली. रास अल-ऐन आणि अलेप्पोच्या इस्पितळांत त्याने काम केले. त्याच्या नोंदींत जखमी तुर्की शिपायांशी झालेल्या गप्पा आहेत. आपापल्या घरच्या शेतीच्या, आईबापांच्या, वरिष्ठांच्या मारझोडीच्या. पहारेकरी आणि कैदी या दोघांचेही हाल त्यात दिसतात, आणि ते खरेही होते, कारण तुर्की शिपाईसुद्धा त्याच उवांनी, त्याच उपासाने मरत होता.

मराठी शिपायाने लिहिलेले असे पुस्तक नाही. साताऱ्या-रत्नागिरीकडचा, कोल्हापूरकडचा भरतीचा जवान बहुधा निरक्षर होता. पत्र लिहून घ्यायला त्याला कुणीतरी लागे, आणि कैदेत तोही नसे. गावी कळत असे ते एवढेच की पलटण कैद झाली. पुढे ‘बेपत्ता’ हा शब्द. बेपत्ता माणसाची बायको सधवा की विधवा, हे महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षे ठरत नसे, आणि पेन्शनही त्याच शब्दापाशी अडून राही.

कूत फेब्रुवारी १९१७ मध्ये आणि बगदाद ११ मार्चला ब्रिटिशांच्या हाती आले, पण कैदी तोवर फार आत नेले गेले होते. शेकडो जण मधल्या काळात पळून आपल्या फौजेला येऊन मिळाले. बाकीच्यांची सुटका ३० ऑक्टोबर १९१८ च्या मुद्रोसच्या युद्धबंदीनंतर झाली. हिशोब तेव्हा लागला. सुमारे २,६०० ब्रिटिश शिपायांपैकी १,७०० हून जास्त, म्हणजे तिघांतले दोघे, परत आले नाहीत. भारतीय शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, आचारी, सफाईवाले मिळून अडीच ते तीन हजार मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले. यातला मोठा भाग ‘पत्ता नाही’ या सदरातला आहे. त्यांची मृत्यूची तारीख नाही, जागाही नाही. पलटणींबरोबर तीन हजारांवर बिगरलढाऊ नोकर होते, त्यांच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत.

मेसोपोटेमियाच्या कारभाराच्या चौकशीचा अहवाल १९१७ मध्ये निघाला. दवाखाने, बोटी, रसद यांतली हेळसांड अहवालात उघडी पडली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र जिनिव्हा करार व्हायला मात्र १९२९ उजाडले.

पलटणी नव्याने उभारल्या गेल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी, जिला आजही जंगी पलटण म्हणतात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली. ११० वी तिसरी झाली. ११७ वीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि ती पाचवी झाली. आज साताऱ्याच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. महाराष्ट्रातल्या इतर अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक संगमरवरी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या युद्धाला या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, हे दोन आकडे तिच्यावर असतात. नावे नसतात.

इराकमधल्या बसरा स्मारकाचीही तीच तऱ्हा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते बांधले गेले. ब्रिटिश शिपायांची नावे दगडात कोरली आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही. भारतीय शिपाई आणि नोकर मात्र पलटणीच्या नावाखाली एका आकड्यात आहेत. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने हे स्मारक शहराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात ३२ किलोमीटर आत हलवले गेले. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल काढून ही असमान वागणूक कबूल केली आणि माफी मागितली. बसरा स्मारकावर ज्यांची नावे नाहीत, त्यांची नावे जुन्या दप्तरांतून शोधून नोंदवण्याचे काम त्यानंतर आयोगाने हाती घेतले.